एकास पस्तीसचा चिखल

…आणि वर मलाच म्हणतात, "साहेब, तुमचा तो रणगाडा पुसून ठेवला बरं का, केवढी घाण बसली होती!" घाण? घाण म्हणे! अहो, तीन आठवडे लागले होते ती घाण बसवायला! तीन आठवडे, डोळ्याला भिंग लावून, चार केसांच्या ब्रशनं कण कण करून लावलेली धूळ ती... आणि आमच्या कामवाल्या मावशींनी ओल्या फडक्याचा एक हात मारला की संपलं! वाळवंटातनं आलेला रणगाडा, शोरूममधनं आल्यासारखा चकाचक! बरं, रागवायचं तरी कुणावर? मावशी बिचाऱ्या माझ्याकडं बघतायत, शाबासकी मिळेल म्हणून! म्हटलं, "छान केलंत हो." आणि मोरीत जाऊन नळ सोडून दोन मिनिटं नुसता उभा राहिलो.

हसा, हसा. सगळेच हसतात. तुम्हाला सांगतो, या छंदाचं दुःख असं आहे, की ते सांगायचं तर आधी छंद समजावून सांगावा लागतो, आणि छंद समजला की माणूस दुःखालाही हसतो! छंद काय, तर लष्करी गाड्यांची छोटी मॉडेलं करायची. रणगाडे, ट्रक, जीप, तोफा ओढणाऱ्या गाड्या. एकास पस्तीस. म्हणजे खरी गाडी पस्तीस फूट, तर माझी एक फूट. खोक्यातनं प्लॅस्टिकचे तीनशे-चारशे तुकडे येतात, ते कापा, घासा, जोडा, रंगवा... इथवर कुणीही करतो. खरी गंमत पुढं! गाडी नवीकोरी तयार झाली, की ती जुनी करायची! रंग उडवायचा, गंज चढवायचा, तेलाचे ओघळ काढायचे, सायलेन्सरवर काजळी धरायची, चाकांना चिखल. याला म्हणतात वेदरिंग. ऊन-पाऊस लावणं म्हणा ना. आणि माझा धंदा काय? मी लॅबमध्ये दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देतो! म्हणजे दिवसभर लोकांच्या जुन्याचं नवं करायचं आणि घरी येऊन स्वतःच्या नव्याचं जुनं करायचं! बायको म्हणते, "अहो, एकदा काय ते ठरवा, तुम्हाला नक्की काय हवंय!"

तिचं तरी काय चुकलं? आमच्या खिडकीचे गज गंजलेत. खरे गंजलेत, फुकट गंजलेत, हात लावला की पापुद्रा निघतो. आणि मी त्याच खिडकीत बसून प्लॅस्टिकला गंज रंगवतोय! आणि सामान आणायला गेलो तर ती वेगळी शोभा! रंगाचे टवके उडवायचे तर आधी खाली गंजाचा रंग मारायचा, त्यावर हेअर स्प्रे मारायचा, त्यावर गाडीचा रंग, आणि मग ओल्या ब्रशनं घासलं की वरचा रंग टवक्याटवक्यानं निघतो, अगदी खरा. पण म्हणून मी दुकानात जाऊन हेअर स्प्रे मागितला, तर तो दुकानदार एकदा बाटलीकडं बघतो, एकदा माझ्या डोक्याकडं बघतो... आता माझ्या डोक्याकडं तुम्हीही बघताय, केस मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरतील... आणि हळूच विचारतो, "वहिनींसाठी का?" म्हटलं, "नाही हो, रणगाड्यासाठी." त्या दिवसापासून तो मला उरलेले पैसे हातात देत नाही, काउंटरवर ठेवतो आणि मागं सरकतो.

पण चेष्टा वेगळी आणि काम वेगळं. कामात आपलं एक तत्त्व आहे. तुम्हाला सांगतो, अंदाजानं धूळ लावायची नसते! काय वाट्टेल ते झालं तरी नाही. चाकानं उडालेला चिखल वेगळा, बुटाला लागून आत आलेला वेगळा. उतारावर तेल कुठल्या बाजूला ओघळतं, शिपाई गाडीवर चढताना कुठल्या कोपऱ्यावर पाय देतो, रंग तिथलाच उडतो, दुसरीकडचा नाही. म्हणून आधी फोटो. खऱ्या गाडीचा फोटो समोर असल्याशिवाय मी एक ठिपका लावत नाही. आमच्या मॉडेलवाल्यांच्या मंडळात आहेत काही लोक, भसाभसा तपकिरी रंग फासतात आणि म्हणतात लढाईवरनं आलाय. लढाईवरनं? गटारातनं आलाय तुझा रणगाडा! बावीस वर्षं मी हे सांगतोय. मंडळात सांगतो, लॅबमध्ये सांगतो, घरात चार माणसं जमली की सांगतो. आमच्या सासऱ्यांनी तर ते इतक्यांदा ऐकलंय, की मी "अंदाजानं" म्हटलं की ते पुढचं म्हणायचे, "...धूळ लावायची नसते. माहितीय जावईबापू. चहा घ्या."

आता सासरे म्हणजे आबा. बत्तीस वर्षं प्रवासी बस चालवली. एक अपघात नाही, एक दंड नाही. बोलणं असं, की शब्दाला जकात लागते जणू. आणि गाडी? स्वतःची बस स्वतः धुवायचे! डेपोत धुणारी माणसं होती हो, पगारी होती, पण नाही. "त्यांना काच कळते, बॉडी कळत नाही." पहाटे जाऊन बादली घेऊन बस धुणारा ड्रायव्हर, आणि त्यांना जावई मिळाला कोण? तर चिखल फासणारा! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षांत त्यांनी माझ्या कपाटासमोर उभं राहून एकच प्रश्न विचारला, दरवेळी तोच. "खेळणी काय म्हणतायत?" मी म्हणायचो, "आबा, खेळणी नाहीत ती." ते म्हणायचे, "बरं." त्या 'बरं'मध्ये काय काय असायचं, ते मला विचारा!

आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा. आमच्या हिचा धाकटा भाऊ. त्याला सगळे बारक्या म्हणायचे, उंची सहा फूट! दाराला डोकं आपटल्याशिवाय कधी आमच्या घरात शिरला नाही. तो सैन्यात ट्रक चालवायचा. बापाचीच अवलाद, गाडीवर जीव. पण माझ्या कपाटासमोर तासन् तास बसायचा तो एकटा. "दाजी, हा ओघळ डिझेलचा ना?" बरोब्बर! "दाजी, इथला रंग उडायला नको, इथं कुणी हात लावत नाही." अहो, असा माणूस घरात असावा! मंडळातल्या दहा जणांना कळत नाही ते त्याला कळायचं. म्हणाला होता, "दाजी, रिटायर झालो की माझी गाडी करा. फोटो मी देतो, अंदाजानं नको."

गेला हो. अकरा महिने झाले.

एक साहेब आले, बरोबर दोन जवान, एक बंद पेटी. "कर्तव्यावर असताना वाहनाला अपघात." पेटी उघडू नका म्हणाले. "जागच्या जागी गेला, त्रास झाला नाही." आता हे वाक्य ऐकून माणूस काय करणार? धरून ठेवणार! आमच्या हिनं धरून ठेवलं, सासूबाई नाहीत, त्या आधीच गेल्या ते एक बरं. आणि आबांनी बत्तीस वर्षांचा ड्रायव्हर विचारील तो एकच प्रश्न विचारला. "चूक कुणाची होती?" साहेब म्हणाले, "कुणाचीच नाही." आबा म्हणाले, "बरं." आणि त्यानंतर महिनाभर हा माणूस बोललाच नाही! म्हणजे आधीच कमी बोलायचे, त्यामुळं शेजाऱ्यांना कळलंसुद्धा नाही, पण आम्हाला कळत होतं ना!

मग एक दिवस लॅबमध्ये फोन. माझ्या हातात कुणाचा तरी वरचा जबडा. "जावईबापू, त्याची गाडी करून द्याल?" बस्स. एवढंच. तुम्हाला सांगतो, तो जबडा माझ्या हातातनं पडला, दोन दात गेले त्याचे, ज्याचा होता तो बिचारा आठ दिवस सूप पीत राहिला असेल. पण मला काय झालं असेल याची कल्पना करा! बावीस वर्षांत त्या माणसानं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. खेळणं नाही म्हणाले, गाडी म्हणाले! मला एकच हवं होतं. त्यांनी ती हातात घ्यावी आणि म्हणावं, "ही त्याचीच." दुसरं काही नको. पोराला तर परत आणू शकत नाही, निदान गाडी तरी चोख आणून देऊ!

आता फोटो हवेत. अंदाजानं धूळ लावायची नसते, आणि ही तर नाहीच नाही! बारक्याच्या जोडीदाराला फोन केला, त्याच तुकडीतला दुसरा ड्रायव्हर. तो म्हणाला, "दाजी, शोधून पाठवतो." पाच फोटो आले. चार लांबनं, परेडच्या मैदानावर गाड्यांची रांग, सगळ्या सारख्या, बारक्याची कुठली हे फक्त नंबरावरनं कळायचं. पण पाचवा! अहो, पाचवा फोटो म्हणजे खजिना! जवळनं काढलेला, डावीउजवीकडून स्वच्छ उजेड, आणि काय चिखल होता गाडीवर! असा चिखल मी बावीस वर्षांत पाहिला नव्हता. पिवळट, मऊ, दह्यासारखा बसलेला, आणि वाळताना वर एक फिकट रेघ सोडून गेलेला. दाराच्या मुठीच्या वर, खिडकीच्या जरा खाली, एकसारखी रेघ, पट्टीनं आखावी तशी, गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! मी खुर्चीतनं उठून उभा राहिलो. आनंदानं, हो! लाज वाटते सांगायला, पण आनंदानं.

चार महिने लागले. लॅबमधनं यायचं, हात धुवायचे आणि बसायचं. चाकांचे नट कमी होते किटमध्ये, ते कवळीच्या गुलाबी मालातनं एकेक ओतले. ताडपत्री टिश्यू पेपरची, गोंदात भिजवून. आणि तो चिखल! रंगाच्या तीन पुड्या, त्यात लॅबमधलं प्लास्टर, थोडं स्पिरिट... सतरा वेळा केला आणि सतरा वेळा पुसला. अठराव्याला जमला. ती रेघ तर पापणीच्या केसानं ओढलीय, खोटं नाही सांगत, माझ्याच पापणीच्या! आमची ही एकदा मागं येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, किती हा चिखल... बारक्या गाडी अशी ठेवायचा?" आणि मी... तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझं थोबाड कुणीतरी फोडायला हवं होतं... मी भिंग न काढता म्हटलं, "फोटोत आहे. अंदाजानं लावत नाही मी!"

आता ऐका. चाकानं उडालेला चिखल कसा असतो? शिंतोडे. खाली दाट, वर विरळ, मागं जास्त, पुढं कमी. मी सांगतो ना हे लोकांना! वर्गात शिकवावं तसं शिकवतो! आणि ही रेघ होती सरळ. पुढं-मागं सारखी. सरळ रेघ कशानं येते, हे पाचवीतल्या पोराला विचारा! पण नाही. मी रेघेची जाडी मोजली, रंग मोजला, उंची मोजली, दोन मिलिमीटर वर, अर्धा मिलिमीटर इकडं... रेघ कसली आहे हे नाही विचारलं स्वतःला. आपल्याला सगळं दिसतं, तुम्हाला सांगतो. बघण्यात आपला हात कुणी धरणार नाही.

रविवारी दुपारी घेऊन गेलो. खोक्यात कापूस, कापसात गाडी, गाडीवर काच. बसमध्ये मांडीवर. आमची ही शेजारी. आबांनी टेबल पुसून ठेवलं होतं, चष्मा धुऊन ठेवला होता, इस्त्रीचा शर्ट! मी काच उचलली. आबा खाली वाकले. आधी नंबर वाचला. ओठ हलले. मग दोन्ही हातांनी गाडी उचलली, हळूच, आणि म्हणाले, "ही त्याचीच."

झालं ना? मिळालं ना पाहिजे ते? तिथंच उठून घरी यायचं होतं! पण मला राहवतंय होय! मी सुरू केलं, "आबा, हे नट बघा, ही ताडपत्री बघा, हा चिखल बघा..." आणि त्यांनी बघितला. बत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस तो. चष्मा वर केला, गाडी डोळ्याजवळ नेली, आणि त्या रेघेवर अंगठा ठेवला. अंगठा फिरवत पुढं गेले, दारापर्यंत. थांबले.

"हा उडालेला चिखल नाही."

मी म्हटलं, "अं?"

"हे उभं पाणी आहे."

आमची ही चहा घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. आणि मला तेव्हा... तुम्हाला सांगतो, तेव्हा कळलं. आबा बोलत होते, शांत, एखाद्या शिकाऊ ड्रायव्हरला सांगावं तसं. "पुलावरनं पाणी चाललं असेल. नवशिक्या घालतो गाडी, तो नवशिक्या नव्हता. त्याला जा म्हटलं असेल कुणीतरी. पाणी इथपर्यंत आलं," अंगठा रेघेवर, "की दार आतनं उघडत नाही. बाहेरनं दाब असतो. आत भरेपर्यंत उघडत नाही." मग माझ्याकडं बघितलं. सरळ. "जावईबापू, इथपर्यंत होतं पाणी?"

जागच्या जागी गेला, त्रास झाला नाही. इतके महिने आम्ही सगळे त्या एका वाक्याला धरून उभे होतो, आणि ते वाक्य मी पापणीच्या केसानं पुसून टाकलं होतं!

काय सांगणार? सांगा ना, तुम्ही काय सांगितलं असतं? मी म्हटलं, "नाही हो आबा. तो... ती माझी आपली हौस. फोटो कुठं मिळाला असा? मी अंदाजानं लावली."

"तुम्ही?"

"हो."

"अंदाजानं?"

"हो आबा. बरं दिसतं म्हणून. सगळेच लावतात."

बावीस वर्षं! बावीस वर्षं त्या माणसाच्या कानाशी जो एक घोष लावला होता, त्याचं मी तिथं माझ्या हातानं वाटोळं केलं. आणि वाटोळं करूनही, त्यांनी विश्वास ठेवावा कसा? मीच भिंत बांधून ठेवलेली! आबांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बरं."

आणि उठले. गाडी घेऊन उठले! मोरीकडं निघाले. मी मागनं, "आबा, आबा..." त्यांनी छोटी बादली घेतली, कोमट पाणी काढलं, बोट घालून बघितलं, आणि बसले पाटावर. दातांचा जुना ब्रश घेतला. आणि माझी चार महिन्यांची मेहनत, तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांदेखत धुवायला लागले! वरनं वार्निश मारलं की चिखल निर्जीव दिसतो, म्हणून मी मारत नाही, हेही माझंच तत्त्व. सगळा चिखल सुटला. पिवळं पाणी. चाकं धुतली, आतल्या बाजूनं धुतली, दार धुतलं. म्हणाले, "गाडी धुतल्याशिवाय जेवायचा नाही तो. सुट्टीवर आला की माझी सायकल धुवायचा." एक आरसा तुटला, नखाएवढा, पाण्याबरोबर मोरीत गेला. मी बघितला जाताना. दारावरची ती रेघ काही जाईना, तिचा रंग खाली धरला होता. तर मला म्हणाले, "तुम्ही दातांचे ना? ही कशानं जाईल?" म्हटलं, "पेस्टनं." आणि बसलो की शेजारी! बोटाला टूथपेस्ट लावली आणि आम्ही दोघं सासरे-जावई आळीपाळीनं एक रेघ घासत बसलो. गेली शेवटी. आबांनी गाडी पंचाच्या कोपऱ्यानं कोरडी केली, खिडकीत उन्हाला ठेवली, आणि मग चहा घेतला. गार झाला होता.

मी जिन्यात येऊन त्या जोडीदाराला फोन लावला. म्हटलं, "पाचवा फोटो कधीचा आहे?" तर म्हणाला, "दाजी... तोही गेला का चार फोटोंबरोबर? तो गाडी बाहेर ओढून काढल्यावरचा आहे. घरी सांगू नका असं आम्हाला बजावलं होतं हो..." रडायला लागला. पोरगं ते. मी म्हटलं, "नाही रे, तुझी चूक नाही." मग चूक कुणाची? तर कुणाचीच नाही! फोटो पुसून टाकला. वर आलो. घरी जाताना बसमध्ये हिनं विचारलं, "खरंच अंदाजानं लावलंत?" म्हटलं, "हो." तिनं माझा हात धरला आणि खिडकीबाहेर बघत बसली. बावीस वर्षांच्या संसारात बाईनं माझ्यावर एवढा विश्वास कधी ठेवला नव्हता.

संपलं असं वाटलं ना? मलाही वाटलं. पुढच्या रविवारी आबांचा फोन. "एक काम राहिलंय. ते दार उघडून द्या." मी म्हटलं, "आबा, ते उघडत नाही. ते चिकटवलंय. आमचं चिकटवणं म्हणजे प्लॅस्टिक वितळून दोन्हीचं एक होतं." "मग?" "कापावं लागेल." "किती वेळ लागतो?" म्हटलं, "तासभर." म्हणाले, "मी थांबतो." अहो, थांबतो काय! आले ना घरी! माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसले, आणि मी पातळ पातं घेऊन ड्रायव्हरच्या बाजूचं ते दार कापायला घेतलं. दर दोन मिनिटांनी विचारायचे, "निघालं?" "नाही आबा." "निघालं?" "निघेल आबा." शेवटी टक् करून निघालं. आबांनी इतका मोठा श्वास सोडला, की टेबलावरची सगळी पूड उडाली. मग दार नीट उघडं बसवलं. पूर्ण उघडं. ते म्हणाले, "अजून थोडं." म्हटलं, खरं दार याहून जास्त उघडत नाही. म्हणाले, "तरी."

आणि मग म्हणतात कसे, "तुमच्या त्या मंडळाचं प्रदर्शन असतं ना? चार माणसांत ठेवा गाडी." झाली का पंचाईत? अहो, आमच्या प्रदर्शनात धुतलेली गाडी ठेवायची म्हणजे लोकांसमोर आंघोळीहून टॉवेलवर जायचं! पण ठेवली. हॉलमध्ये पंचवीस मॉडेलं, चोवीस चिखलानं, गंजानं, काजळीनं भरलेली, बघणाऱ्यानं शिंकावं अशी. आणि मध्ये ही. लख्ख. एक आरसा नाही, दार सताड उघडं. आबा शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट. परीक्षक आले. कपाळाला टॉर्च, हातात दात कोरायची काडी, हा माणूस मला वीस वर्षं ओळखतो! गाडीकडं बघतो, माझ्याकडं बघतो. "अरे, तुला बरं नाही का?" म्हटलं, "आहे बरं." "वेदरिंग?" "नाही." "आरसा?" "पडला." "बरं, दार उघडं, सीट रिकामी... मग ड्रायव्हर कुठाय? काहीतरी गोष्ट हवी ना राव गाडीला! ड्रायव्हर गेला कुठं?"

मी तोंड उघडायच्या आत खुर्चीतनं आवाज आला.

"उतरला तो."

परीक्षक म्हणाले, "अं?"

"दार उघडलं आणि उतरला."

परीक्षकांनी टॉर्च बंद केला. काय समजले, नाही समजले, देव जाणे. पण नियम म्हणजे नियम, कागद भरला. वेदरिंग, वीसपैकी शून्य. अचूकता, दहापैकी दोन. एकूण पंचवीसांत पंचविसावा. मला! बावीस वर्षं तत्त्वानं धूळ लावणाऱ्या माणसाला! आणि खाली शेरा. आबा म्हणाले, "काय लिहिलंय?" त्यांचा चष्मा घरी राहिला होता. मी वाचला. "ही गाडी कधी पाण्याचिखलात गेली असेल, असे अजिबात वाटत नाही." म्हणाले, "परत वाचा." परत वाचला. म्हणाले, "सही आहे ना खाली त्यांची?" म्हटलं, आहे.

कागद माझ्या हातातनं घेतला, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवला. तुम्हाला सांगतो, बावीस वर्षांत मला मिळालेला सगळ्यात वाईट शेरा आहे तो... आणि आमच्या सासऱ्यांनी तो फ्रेम करून भिंतीवर लावलाय!